स्नर्क कायनेज: धड एकच, लगाम तीन

निफाड तालुक्यातल्या बीएस्सी अ‍ॅग्रीच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "स्नर्क प्रोटीन कायनेजच्या कुटुंबाची रचना कशी असते? स्नर्क-१, २ आणि ३ यांत नेमका फरक काय? द्राक्षबागेत यांचं खरंच काही काम आहे का? कृषी सेवा केंद्रात एक बाटली दाखवून ‘हे झाडाचं स्ट्रेस कायनेज चालू करतं’ असं सांगितलं. ते कितपत खरं?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: त्या बाटलीवर पैसे घालवू नका. त्याचं कारण मात्र बाकीच्या तीन प्रश्नांच्या उत्तरात दडलेलं आहे, म्हणून थोडं लांबून यावं लागेल. मी नाशकात वनस्पती जैवरसायनशास्त्र शिकवते आणि संशोधनाची बरीच वर्षं याच कुटुंबाच्या मागे घालवली आहेत. पाठ्यपुस्तकं कायनेजची ओळख ‘ते कशाला फॉस्फेट लावतं’ यावरून करून देतात. त्याने याद्या पाठ होतात, समज येत नाही. स्नर्क समजून घ्यायचं असेल तर प्रत्येकाला पेशीत कोण अडवून धरतं ते बघा. तिथेच तिन्ही गटांच्या वाटा वेगळ्या होतात.

आधी सगळ्यांना लागू असलेलं. प्रोटीन कायनेज हे एन्झाइम एटीपीच्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जावाहक रेणूच्या, टोकाचा फॉस्फेट उचलतं आणि दुसऱ्या प्रथिनातल्या सेरिन, थ्रिओनिन किंवा टायरोसिन या अमिनो आम्लांच्या हायड्रॉक्सिलवर बसवतं. (स्नर्क पहिल्या दोघांवरच काम करतात.) फॉस्फेटचा ऋणभार आला की त्या प्रथिनाची घडी बदलते आणि कुणाशी जुळायचं, कुणाला सोडायचं हेही बदलतं. तो फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम म्हणजे फॉस्फटेज. ही लावालावी-काढाकाढी एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५०च्या दशकात स्नायूतल्या ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजवर दाखवली आणि १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसाच्या जीनोममध्ये पाचशेच्या थोडी वर कायनेज आहेत. अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या रोपात सुमारे हजार, आणि त्यांतली सहाशेहून जास्त रिसेप्टरच्या (संदेश पकडणाऱ्या प्रथिनांच्या) धाटणीची. त्या गर्दीत स्नर्कचं घराणं लहान, जेमतेम चाळिशीच्या आतबाहेर.

या घराण्याची पहिली ओळख यीस्टमध्ये झाली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला यीस्टचे काही उत्परिवर्ती सापडले. ग्लुकोज संपल्यावर त्यांना सुक्रोजवर गुजराण करता येत नव्हती. त्यांच्यातलं बिघडलेलं एक जनुक म्हणजे एसएनएफ-१, आणि ते कायनेज निघालं. ‘स्नर्क’ म्हणजे याच एसएनएफ-१ शी नातं असलेली कायनेज. प्राण्यांमधला त्याचा भाऊबंद एएमपीके. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळीने यकृतात सक्रिय होतं ते हेच. वनस्पतींमध्ये त्याच वंशातून तीन फांद्या निघाल्या. स्नर्क-१ ही जुनी फांदी, यीस्ट आणि प्राण्यांशी सरळ नातं सांगणारी. २ आणि ३ या वनस्पतींनी स्वतः वाढवलेल्या.

आता धड. कायनेजचा उत्प्रेरक भाग साधारण अडीचशे ते तीनशे अमिनो आम्लांचा असतो. पहिली स्फटिकरचना १९९१ मध्ये सुझन टेलर यांच्या गटाच्या कामातून आली, प्रोटीन कायनेज ए या एन्झाइमची. त्यानंतर शेकडो रचना आल्या, पण सांगाडा तोच राहिला. अडकित्ता डोळ्यांसमोर आणा. वरचा पाळा लहान, पाच बीटा पट्ट्या (प्रथिनाच्या साखळीचे सरळ पट्टे) आणि एका हेलिक्सचा (मळसूत्री वळणाचा). खालचा मोठा, बहुतेक हेलिक्सचा. दोघांना जोडणारी बिजागरी. फरक एवढाच की इथे एटीपी अगदी आत, बिजागरीला चिकटून बसतं, आणि ज्याला फॉस्फेट लावायचा ते प्रथिन पुढे तोंडाशी, खालच्या पाळ्यावर टेकतं. कर्करोगावरचं इमॅटिनिब शिरतं ते याच आतल्या फटीत.

त्या फटीतल्या चार जागा लक्षात ठेवल्या की पुढचं सोपं जातं. वरून ग्लायसिनने भरलेला एक लवचीक फास एटीपीच्या फॉस्फेटवर झुकलेला असतो. वरच्याच पाळ्यातलं लायसिन हे एक अमिनो आम्ल फॉस्फेटना धरतं, आणि त्या लायसिनला शेजारच्या सी-हेलिक्समधलं ग्लुटामेट धरून ठेवतं. सी-हेलिक्स बाहेर कलली की ही पकड सुटते आणि कायनेज थंड पडतं. खालच्या पाळ्यात दोन अ‍ॅस्पार्टेट असतात: डीएफजी या तीन अक्षरी खुणेतलं एक मॅग्नेशियम सांभाळतं, एचआरडीमधलं दुसरं प्रत्यक्ष फॉस्फेट सरकवायच्या वेळी कामाला येतं. डीएफजीपासून एपीई या पुढच्या खुणेपर्यंत वीस-तीस अमिनो आम्लांची एक सैल दोरी असते, ती अ‍ॅक्टिव्हेशन लूप. बहुतेक कायनेजमध्ये याच दोरीवर फॉस्फेट बसला की ती नीट घडी घेते आणि समोरच्या प्रथिनाला टेकायला जागा मिळते.

हे सगळं तिन्ही स्नर्कमध्ये जवळपास सारखं आहे. नुसतं धड समोर ठेवलं तर गट ओळखायला अनुभवी माणसालाही क्षणभर थांबावं लागतं. वेगळी आहे ती शेपटी, आणि त्या शेपटीला कोण पकडतं ते.

क्रम मोडून स्नर्क-२ आधी घेते, कारण रचनेच्या अंगाने सगळ्यात सुंदर गोष्ट तिथली आहे. हे कायनेज एकटं काम करतं, जोडीला कायमचं दुसरं प्रथिन नसतं. आकार ४० किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये अशी दहा आहेत आणि त्यांतली तीन, २.२, २.३ आणि २.६, अ‍ॅब्सिसिक आम्लाला म्हणजे एबीए या ताणाच्या संप्रेरकाला जोरदार प्रतिसाद देतात. २.६ चं दुसरं नाव ओएसटी-१. ते सापडलं कसं ते ऐकण्यासारखं आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी पाण्याचा ताण दिलेल्या रोपांवर इन्फ्रारेड कॅमेरा धरला. ताण बसला की रंध्रं मिटतात, बाष्पोत्सर्जन थांबतं आणि पान तापतं. पण काही रोपांची पानं थंडच राहिली. त्यांची रंध्रं ताणातही उघडी होती आणि पाणी उडत होतं. त्या थंड रोपांतलं एक बिघडलेलं जनुक म्हणजे हे कायनेज. २००२ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

एबीए नसताना स्नर्क-२ ला पीपी२सी गटातलं फॉस्फटेज अडवून धरतं. हे अडवणं दुहेरी आहे. एक, ते कायनेजच्या दोरीवरचा फॉस्फेट काढून टाकतं. दोन, फॉस्फेट काढून झाला तरी हलत नाही. २०१२ मध्ये दोघांच्या एकत्रित स्फटिकरचनेत दिसलं की कायनेजची अ‍ॅक्टिव्हेशन लूप फॉस्फटेजच्या कामाच्या खोबणीत घुसलेली आहे आणि फॉस्फटेजचं एक ट्रिप्टोफॅन कायनेजच्या फटीत. दोघांनीही एकमेकांची तोंडं बंद केलेली. मग एबीए येतं. त्याचे रिसेप्टर २००९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधले. एबीए पोटात घेतलेला रिसेप्टर फॉस्फटेजवर नेमका तिथेच जाऊन बसतो जिथे कायनेज बसलं होतं, आणि तेच ट्रिप्टोफॅन आता रिसेप्टरमध्ये अडकतं. कायनेज मोकळं होतं. वर्गात ही रचना पडद्यावर फिरवून दाखवली की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

स्नर्क-२ ची शेपटी दोन तुकड्यांची आहे. धडाला लागून एक हेलिक्स येते, ती सी-हेलिक्सला टेकून तिला सरळ ठेवते. आसृतिक ताण, म्हणजे कोरडेपणा किंवा क्षार, ओळखायला हा तुकडा लागतो. त्यापुढचा तुकडा अ‍ॅस्पार्टेट-ग्लुटामेटने भरलेला, आम्लधर्मी. फॉस्फटेजची पकड बसते ती या भागावर. मोकळं झालेलं कायनेज आपल्या लूपवर स्वतः फॉस्फेट लावू शकतं, पण पहिला धक्का बऱ्याचदा रॅफ जातीच्या कायनेजकडून येतो. ही बाजू २०१९-२०च्या सुमारास उलगडली.

मोकळं झाल्यावर करतं काय? रंध्राच्या रक्षक पेशीत ते स्लॅक-१ या ऋणायन वाहिनीला फॉस्फेट लावतं. क्लोराइड आणि मॅलेट बाहेर पडतात, त्यांच्यामागे पोटॅशियम, त्यामागे पाणी. पेशी ढिली पडते, रंध्र मिटतं. पोटॅशियम आत आणणारी केएटी-१ वाहिनी त्याच वेळी आवळली जाते. केंद्रकात एबीएफ गटातली प्रथिनं फॉस्फेट घेऊन ताणाची जनुकं चालवतात, ते काम सावकाश, तासांच्या हिशोबाने होतं. वाहिन्यांचं काम मिनिटांत उरकतं. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी पिंपळगावच्या बाजूला बागेत उभे राहिलात तर कोवळ्या पानाच्या पाठीवर हाच कारभार चाललेला असतो. पाठीवरच म्हणते, कारण द्राक्षाच्या पानाला रंध्रं खालच्या बाजूलाच असतात. विद्यार्थी वरच्या बाजूचा ठसा घेऊन येतात आणि ‘मॅडम, काहीच दिसत नाही’ म्हणतात.

आता बाटलीकडे. चाळीस किलोडाल्टनचं कायनेज फवारून पानाच्या मेणातून आत जाणार नाही, हे उघड आहे. राहिला प्रश्न आत असलेलं कायनेज चालू करण्याचा. या साखळीच्या टोकाला खरोखर जाऊन बसणारं, बागायतदारांच्या ओळखीचं एक द्रव्य आहे: एस-एबीए, म्हणजे तेच एबीए फवारणीच्या रूपात. क्रिमसन किंवा फ्लेमसारख्या रंगीत जातींत मण्यात पाणी उतरताना रंग येण्यासाठी ते मारतात, आणि ते मात्रेने, वेळेने, घडावर. थॉम्पसनसारख्या हिरव्या जातीला त्याचं काय काम? लेबलवर घटक आणि मात्रा न लिहिता ‘कायनेज अ‍ॅक्टिव्हेटर’ एवढंच छापलेलं असेल तर ती जाहिरात समजा. आणि समजा, एखाद्याने खरंच स्नर्क-२ कायमचं चालू करून दाखवलं, तर रंध्रं मिटलेली, कार्बन डायऑक्साइड आत नाही, साखर तयार होत नाही, मणी फुगत नाही. हे कायनेज अडवून ठेवणारं फॉस्फटेज झाडाने उगीच पोसलेलं नाही.

स्नर्क-१ चं काम साखरेच्या जमाखर्चाचं. हे तिघांचं मिळून बनतं: अल्फा हे कायनेज (अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये केआयएन-१० आणि केआयएन-११), बीटा हे जोडणारं, आणि तिसरं बीटा-गॅमा, जे वनस्पतींचं स्वतःचं वैशिष्ट्य. प्राण्यांच्या एएमपीकेला एएमपी थेट जागं करतं. वनस्पतींच्या स्नर्क-१ ला एएमपीची तशी पर्वा नाही. त्याच्या लूपवरचा फॉस्फेट बराचसा लावलेलाच असतो, तो लावणारी कायनेज वेगळी. लगाम आहे ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट या साखरेच्या रेणूच्या हातात. सुक्रोज भरपूर असलं की हा रेणू वाढतो आणि स्नर्क-१ दबलेलं राहतं. साखर आटली की तो घटतो आणि कायनेज सुटतं. सुटलं की खर्च कापायला सुरुवात: सुक्रोज-फॉस्फेट सिंथेज, नायट्रेट रिडक्टेज, स्टेरॉलच्या वाटेवरचं एचएमजी-कोए रिडक्टेज या सगळ्यांना फॉस्फेट लावून मंद करतं. २००७ मध्ये दिसलं की एकट्या केआयएन-१० ने सुमारे हजार जनुकांची हालचाल बदलते. बांधणी बंद, साठवलेलं मोडून खायला सुरुवात.

याचा द्राक्षाशी संबंध तुमच्या अंगणातलाच आहे. गोडी बहार छाटणीनंतर (ऑक्टोबरच्या सुमारासच्या) तुम्ही काडीवरच्या डोळ्यांवर, म्हणजे फुटव्याच्या कळ्यांवर, हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करता. इस्रायलमधल्या संशोधकांनी २००० मध्ये दाखवलं की या पेस्टनंतर द्राक्षाच्या डोळ्यांत एसएनएफ धाटणीच्या एका कायनेजचं आरएनए वाढतं. संगती अशी लागते: सायनामाइड कॅटॅलेज एन्झाइमला अडवतं, हायड्रोजन पेरॉक्साइड साचतं, श्वसन विस्कटतं. डोळ्याला ऊर्जेचा तुटवडा जाणवतो, आणि तुटवडा ओळखणं हे तर याच घराण्याचं काम. झोपेतून उठवण्याचा हा मार्ग काहीसा धसमुसळा आहे, पण आपल्याकडे हिवाळ्याची थंडी डोळे एकसारखे फोडायला पुरत नाही म्हणून तो लागतो. (हेच सायनामाइड माणसाच्या यकृतातलं अ‍ॅल्डिहाइड डिहायड्रोजिनेजही अडवतं. पेस्टिंग करणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि त्या दिवसांत दारूला शिवू नये, ही सूचना केवळ उपदेश म्हणून दिलेली नसते.)

छाटणीनंतर ढगाळ हवामान लांबलं की घड जिरतात, बाळी होते (घडाच्या जागी नुसता तणावा उरतो). काडीतला साठा संपत आलेला आणि नवी पानं अजून कमावती झालेली नाहीत, अशा आठवड्यात झाड घडावरचा खर्च कापतं. स्नर्क-१ ज्या परिस्थितीत सुटतं ती नेमकी हीच, आणि मी ते उदाहरण म्हणून शिकवते. यावर उपाय मात्र उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर काडी नीट पिकवण्यात आहे.

स्नर्क-१ आणि २ एकमेकांपासून तुटलेले नाहीत. २०२० मध्ये पुढे आलं की ताण नसताना स्नर्क-२ आणि पीपी२सी मिळून स्नर्क-१ लाच धरून ठेवतात आणि त्यामुळे वाढ चालू राहते. एबीए आलं की ही मोळी सुटते, दोन्ही कायनेज मोकळी होतात. म्हणजे ज्याला आपण ‘ताणाचं कायनेज’ म्हणतो तेच चांगल्या दिवसांत वाढीला हात देत असतं. दुकानातल्या बाटलीवर हे कसं लिहिणार?

स्नर्क-३ सगळ्यात मोठा गट, सीआयपीके या नावाने जास्त प्रसिद्ध. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये २६. यांना दुसऱ्या कुणी अडवायची गरज पडत नाही, स्वतःचीच शेपटी धडावर मुरडून फट झाकते. शेपटीत एनएएफ नावाचा छोटा तुकडा असतो. पेशीत कॅल्शियम वाढलं की सीबीएल नावाची प्रथिनं (अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये दहा) त्याला पकडून शेपटी बाजूला ओढतात. शिवाय काही सीबीएलच्या टोकाला मेदाम्ल चिकटलेलं असतं, त्यामुळे ती कायनेजला पडद्यापाशी ओढून नेतात. सोडवणारा आणि जागेवर पोहोचवणारा एकच. क्षारतेची प्रसिद्ध एसओएस साखळी हीच: एसओएस-३ हे सीबीएल, एसओएस-२ हे कायनेज, आणि एसओएस-१ ही पेशीतलं सोडियम बाहेर फेकणारी वाहतूकदार. सीआयपीके-२३ मुळाशी पोटॅशियम ओढणारी एकेटी-१ वाहिनी चालवतं. द्राक्षात व्हीव्हीके१.२ ही पोटॅशियम वाहिनी अशाच जोडीने सक्रिय होते आणि पिकत्या मण्याच्या गरात वाढते, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. मण्यात पाणी उतरतं तेव्हा पोटॅशियमची मागणी का वाढते, याचं एक उत्तर तिथे आहे. बोअरच्या खारट पाण्यावरच्या बागेत पानांच्या कडा जळतात तेव्हा मात्र फवारणीपेक्षा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ते मूळ, बघा. सोडियम वर चढू न देण्यात ११० आर हा डॉगरिजपेक्षा सरस आहे, आणि माती-पाण्याचा अहवाल कुठल्याही कायनेजच्या आधी.

तुम्ही प्रकल्पाचा विषय मागितलेला नाही, पण पुढचा प्रश्न तोच येईल म्हणून सांगते. द्राक्षाचा जीनोम २००७ पासून खुला आहे. त्यातून कायनेजच्या क्रमवाऱ्या उतरवा, डीएफजी आणि एपीई शोधून धड बाजूला काढा आणि उरलेली शेपटी वाचा. एकूण लांबी साडेतीनशेच्या आसपास आणि टोकाला आम्लधर्मी अमिनो आम्लांची रांग, तर स्नर्क-२. लांबी चारशे चाळीसच्या आगेमागे आणि धडानंतर एनएएफ, तर स्नर्क-३. पाचशेच्या वर आणि धडाला लागून यूबीए हा छोटा भाग, तर स्नर्क-१ चा अल्फा. हे काम एका संगणकावर होतं.

प्रत्यक्ष कायनेजची क्रियाशीलता मोजायला निघाल्यास बागेतच द्रव नायट्रोजन लागेल, कारण पान तोडल्यापासून फॉस्फेट उतरायला फार वेळ लागत नाही. अर्कात फॉस्फटेज रोधक घालावे लागतात. कॉलेजात ती सोय नसेल तर रंध्रांवर काम करा. सकाळी नऊला आणि दुपारी दीडला, पाणी दिलेल्या आणि ताणावरच्या ओळीत, त्याच वयाच्या पानाच्या पाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या. वाळला की सेलोटेपने उचलून काचपट्टीवर चिकटवा. शेजारच्या पानाचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या, सावली धरून. हे सगळं पान वेलीवर असतानाच करायचं. तोडलेल्या पानात काही मिनिटांतच रंध्रांचं वागणं बदलतं, मग आकडे वेलीचे उरत नाहीत.